बॉलचा रोजा

पुण्यात कशाचं आश्चर्य वाटून घेणं हा जरा कमीपणाच समजतात. समोर साक्षात समुद्र आणून ठेवला, तरी अस्सल पुणेकर "पाणी खारट आहे" एवढंच म्हणेल आणि पुढे जाईल. खालिद अत्तार यांच्या कैक पिढ्या पुण्यातच गेल्या, गुरुवार पेठेबाहेर त्यांनी कधी बिऱ्हाड केलं नाही, तरी हा गुण त्यांच्या अंगाला लागला नाही तो नाहीच. साठीला टेकले, तरी या माणसाला अजून कशाचंही आश्चर्य वाटतं. बॉल टप्पा खाऊन वर येतो याचं वाटतं. गेल्या वर्षी ज्या पोराला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती, ते यंदा मान वर करून पास देतं, याचं तर इतकं वाटतं की ते मैदानाच्या मधोमध थांबतात आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बघत राहतात. मुलं म्हणतात, "सरांचा पुतळा झाला." मग कुणीतरी जाऊन शर्ट ओढतं आणि सर पुन्हा शिट्टी तोंडात घालतात.

पोटापाण्याचा धंदा ढाल-चषकांचा. आजोबा अत्तर विकत, वडील घड्याळं दुरुस्त करत, आणि खालिदनी त्याच बोळासारख्या दुकानात कप, ढाली, मेडलं मांडली. कोपऱ्यात नावं कोरायचं मशीन. जिंकणाऱ्यांची नावं कोरण्यात उभा जन्म गेला; स्वतःचं नाव कपावर यायचा योग काही आला नाही, आणि त्याचं त्यांना फारसं वाटतही नाही. पूर्वी या धंद्याला ऋतू असत. पावसाळ्यात फुटबॉल, दिवाळीनंतर शाळांची स्नेहसंमेलनं, मग क्रिकेट, आणि मे महिन्यात सगळा शुकशुकाट. तेव्हा त्यांच्या पत्नी हुस्नबानू संगमनेरला माहेरी जायच्या आणि खालिद मशीन खोलून, पुसून, तेल घालून ठेवायचे. आता मशीनला तेल द्यायलाही सवड होत नाही. मान्सून कप, दिवाळी कप, नाताळ कप, समर लीग. कुठल्याही महिन्याचं नाव घ्या, त्याचा कप निघालेला असतो. आठ-आठ वर्षांची पोरं बारा महिने खेळतात आणि त्यांचे आईबाप बारा महिने मैदानाच्या कडेला गाड्या लावून आत एसीत बसतात. धंदा तेजीत होता, तेव्हा याबद्दल खालिदसरांची काही तक्रार नव्हती, हेही सांगून टाकलेलं बरं.

दुपारी दुकान हुस्नबानूंवर सोपवून सर स्कूटर काढतात आणि धायरी गाठतात. पेठेतली मैदानं पार्किंगने केव्हाच खाल्ली. धायरीत कुणा तात्यारावांचा एक प्लॉट आहे, विकायला काढलेला आणि वर्षानुवर्षं न विकला गेलेला. त्यावर खालिदसरांचा फुटबॉल चालतो. फक्त शुक्रवारी नाही. शुक्रवारी दुपारी नमाज, आणि मुलांना सुट्टी. या सुट्टीचा सरांना भारी अभिमान. "बाकीचे पोरांना घाण्याला जुंपतात," ते पालकांना ऐकवत, "आपल्याकडे शुक्रवारी बॉलला पाय लावायचा नाही म्हणजे नाही."

मुक्ताई डाखोरे या मैदानावर आली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पायात शाळेचे काळे बूट होते. वडील कोंडीराम वाशीमकडचे, नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करणारे. "पोरगी लय पळते जी, हिले कुठंतरी लावून द्या," एवढंच बोलून ते शिफ्टला निघून गेले. मुक्ताई बॉलच्या मागे धावली नाही. बॉल जिथे येणार होता तिथे ती आधीच जाऊन उभी होती, आणि हे तिने एकदा नाही, संध्याकाळभर केलं. तुला कळतं कसं, असं विचारलं तर तिला सांगता येईना. सरांचा त्या दिवशी असा पुतळा झाला की मुलांना शर्ट दोनदा ओढावा लागला. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "बानू, तीस साल में ऐसे पाँव नहीं देखे." हुस्नबानू भाकरी थापत म्हणाल्या, "पिछले साल भी यही बोले थे तुम." बोलले होते, खरं आहे. पण या वेळी ते चुकले नव्हते.

तेराव्या वर्षी मुक्ताई तीन ठिकाणी खेळत होती. शाळेच्या संघात, खालिदसरांकडे, आणि जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात. तो संघ तेजस नावाचा एक तरुण कोच घडवत होता. हुशार, मनमिळाऊ, हातात कायम स्टॉपवॉच. मार्चमध्ये राज्य संघाची निवड चाचणी होती. आजवर खालिदसरांच्या हाताखालचं एकही पोर राज्य संघात गेलेलं नव्हतं. मुक्ताई जाणार यात कुणालाच शंका नव्हती. कोंडीरामनी तर गावाकडे फोन करून सांगून ठेवलं होतं.

आणि जानेवारीत ती बुटाची नाडी बांधायला फार वेळ लावायला लागली.

खालिदसरांच्या हे लक्षात आलं, पण अर्धंच. खाली बसायची, नाडी ओढायची आणि मग हाताचा तळवा नडगीवर दाबून तशीच बसून राहायची. सरांनी विचारलं तर म्हणाली, "थोडं दुखतं. पळायला लागलं की थांबतं." गेल्या वर्षभरात पोरगी वीतभर उंच झाली होती. वाढीचं वय, दुखणारच, असं सर म्हणाले, बाम चोळायला सांगितला आणि वर म्हणाले, "शुक्रवारी आराम कर." फेब्रुवारीत मात्र एक दिवस तिने उंच आलेला बॉल छातीवर घेतला, खाली उतरली आणि गप्प झाली. ओरडली नाही, रडली नाही. एका पायावर लंगडी घालत कडेला गेली आणि तिथे गवत उपटत बसली. सर जवळ गेले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

सिंहगड रोडवर चैतालीचा दवाखाना आहे. ही चैताली एकेकाळी खालिदसरांचीच गोलकीपर, आता हाडांची डॉक्टर. सर मुक्ताईला आणि कोंडीरामना घेऊन तिच्याकडे गेले. एक्स-रे काढला. चैतालीने फोटो काचेवर लावून मागचा दिवा लावला. गुडघ्याच्या जरा खाली, हाडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ काळी फट.

"या अल्ला! आरपार तुटलंय की गं हे!"

"सर, सर, थांबा." चैताली हसायला लागली. "ते तुटलेलं नाहीये. ते तसंच असतं. या वयात तिथे अजून हाड झालेलं नसतं, मऊ असतं, म्हणून फोटोत काळं दिसतं. मुलांची उंची तिथून वाढते."

"तिथून?"

"तिथून. आत्ता आपण बोलतोय, तरी चालूच आहे काम."

खालिदसर उठून फोटोजवळ गेले. इतकी वर्षं पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. पँटी आखूड होताना, आवाज फुटताना, दारातून वाकून आत येताना त्यांनी पाहिली होती, आणि पोर अमुक एका जागेतून वाढतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती जागा अशी समोर दिसेल, दिव्यावर धरून, हे तर स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी मुक्ताईच्या पायाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. चैतालीला सरांची ही सवय लहानपणापासून माहीत होती. ती थांबून राहिली.

"मग दुखतंय कुठे?" कोंडीरामनी विचारलं.

"ते या फोटोत दिसतच नाहीये." चैतालीने मुक्ताईच्या नडगीवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. मुक्ताईने टेबलाची कड घट्ट पकडली.

दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये ते दिसलं. नडगीच्या हाडात केसाएवढी चीर. चैतालीने समजावून सांगितलं की ही पडून झालेली नाही, मार लागूनही नाही. धावलं की हाड रोज थोडं थोडं झिजतं आणि विश्रांती मिळाली की शरीर ते भरून काढतं. झीज चालूच राहिली आणि भरायला वेळच मिळाला नाही, तर हाडालाही थकवा येतो.

"तार सारखी एकाच जागी वाकवली तर होते ना जी, तसं," कोंडीराम म्हणाले.

"अगदी तसंच. फक्त तार स्वतःहून भरून येत नाही, हे येतं. पण त्याला सुट्टी लागते."

"सुट्टी आहे ना," खालिदसर ताठ बसत म्हणाले. "माझ्याकडे शुक्रवारी बॉलला पाय लावत नाहीत. तुला माहीत आहे."

चैतालीने मुक्ताईकडे पाहिलं. "शुक्रवारी काय करतेस गं?"

"शुक्रवारी शाळेची डबल प्रॅक्टिस. म्हणजे त्या दिवशी सरांकडे जायचं नसतं ना, म्हणून स्कूलचे सर म्हणतात, आज तू फुल टाइम थांब."

"आणि शाळेची सुट्टी कधी?"

"गुरुवारी. गुरुवारी तेजससरांकडे फिटनेस असतो. ते म्हणतात, गुरुवारी तू फ्रेश असतेस."

"तेजसकडे सुट्टी?"

मुक्ताईने खालिदसरांकडे चोरून पाहिलं. "सोमवारी. सोमवारी आपले सर मला एकटीला जास्तीचं शूटिंग देतात."

"सोमवारीच का?"

"सोमवारी मी मोकळी असते म्हणून."

तिघेही कोच भली माणसं होती. तिघांनीही पोरीच्या काळजीपोटी सुट्टी ठेवली होती आणि दुसऱ्याने दिलेली सुट्टी मोकळी दिसली म्हणून वापरून टाकली होती. आठवड्याला तीन सुट्ट्या मिळणारी ही पुण्यातली एकमेव मुलगी असेल, आणि तिने त्यातली एकही पाहिली नव्हती.

"तू बोलली का नाहीस, बेटा?" सरांनी विचारलं.

"मला वाटलं, तीन कोचना मी हवी असते म्हणजे मी चांगली खेळते."

चैतालीने मग कुणालाच टोचून न बोलता पुढचं सांगितलं. बॉल बंद. धावणं बंद. ईदपर्यंत तर नक्की, कदाचित त्याहून जास्त. निवड चाचणी विसरायची. या पायाने ती चाचणीला धावली तर हाड पुरतं मोडू शकतं, मग सळी घालायची वेळ येईल, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी पळेल याची हमी कुणीही देणार नाही. थांबली तर आपोआप भरून येईल.

"औषध काय द्यायचं?" खालिदसरांनी विचारलं.

"काही नाही. काहीच करायचं नाही, सर. तिने फक्त थांबायचं."

काहीच न करता हाड जोडलं जातं, हे सर घरी जाईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होते. हुस्नबानूंनी विचारलं, मग रडता कशाला?

पुढच्या दोन दिवसांत सर आधी शाळेत गेले, मग तेजसकडे. शाळेचे सर सुरुवातीला म्हणाले, "अहो, पण शुक्रवार तुमचा. आमचा गुरुवार आहे." पुण्यात वार मालकीचे असतात. पण खालिदसरांनी मुक्ताईचं ते तीन कोचना हवी असण्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून सरांना बसायला दिली. तेजस तर मान खाली घालूनच उभा राहिला. "सर, गुरुवारी मी तिला सगळ्यात जास्त पळवलंय. टाइमिंग चांगलं यायचं." तिघांनी मिळून ठरवलं की इथून पुढे शुक्रवार सगळ्यांचा. सगळ्या मुलांना तिन्हीकडे सुट्टी, आणि ती दुसऱ्याने वापरायची नाही.

एवढं झालं, पण मुक्ताई थांबेना. तिला थांबताच येत नव्हतं. रस्त्यातला दगड, पाण्याच्या बाटलीचं झाकण, पायापुढे येईल ते. कोंडीराम रडकुंडीला येऊन सांगत, "घरात लिंबूबी खाली ठेवता येत नाही जी. लाथच मारते." शेवटी सरांनी तिला रोज संध्याकाळी मैदानावर बोलावलं आणि रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. नजरेसमोर तरी राहील.

रमजान सुरू झाला होता. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागलं होतं, आणि खालिदसर ओरडून ओरडून घसा सुकवून घेत होते. मुलं बाटल्या तोंडाला लावत. सर नुसती शिट्टी फुंकत. मुक्ताई खुर्चीतून हे बघत होती.

"सर, पाणी पण नाही?"

"पाणी पण नाही."

"थुंकी गिळली तर?"

"ती चालते," सर हसले.

"त्रास नाही होत?"

"होतो ना. पहिले काही दिवस तर फार. पाणी समोर असतं. हात लांब केला तर मिळेल. कुणी बघतही नसतं. तरी आपण घेत नाही. सगळी गंमत त्यातच आहे."

मुक्ताई बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली. मग म्हणाली, "आई एकादशी करते. त्यात साबुदाणा चालतो, रताळं चालतं, वेफर्स पण चालतात. मी तसलाच उपास करत होते बहुतेक. मॅच नाही, पण लिंबू चालतं. डावा पाय चालतो."

"आणि आता?"

"आता तुमच्यासारखा. पाणी पण नाही." तिने अंगठा मातीतून काढून घेतला. "बॉलचा रोजा."

तिने धरला, आणि असा धरला की खालिदसर बघतच राहिले. दगड आला की वळसा घालून जायची. घरात लिंबं पुन्हा खाली राहायला लागली. मैदानावर खुर्चीत बसून खेळणाऱ्या मुलांची नावं घेऊन ओरडायची, पण पाय खुर्चीखाली एकावर एक घट्ट. मुलं घरी गेली की सर स्कूटरच्या सीटवर कागद पसरून खजूर खात आणि एक तिच्या हातावर ठेवत. एकदा ती म्हणाली, "तुमचा रोज संध्याकाळी सुटतो. माझा नाही सुटत." सरांचा घास तोंडातच राहिला. उभ्या आयुष्यात त्यांनी इतके रमजान पाळले होते, पण मावळतीला न सुटणारा रोजा त्यांनी कधी धरला नव्हता. हे एवढंसं पोर तो धरून बसलं होतं, आणि वर खजूर छान आहे म्हणत होतं.

चाचणी चार दिवसांवर आली आणि कोंडीराम दुकानात आले. खालिदसर कुठल्याशा लीगच्या ढालीवर विजेत्याचं नाव कोरत होते. कोंडीराम उभेच राहिले, मग एकदम बोलले.

"सर, एक दिवस. फक्त एक दिवस खेळू द्या तिले. इंजेक्शन देतात म्हणे, दुखत नाही. निवड झाली की मग सहा महिने झोपवून ठेवतो मी तिले. गावात सगळ्याईले सांगून ठेवलं जी मी."

खरं सांगायचं तर खालिदसरांच्या मनातही हेच चालू होतं. एकच दिवस. तीस वर्षांनी एकदा आलेले पाय. तेजसनेही एका शब्दाने विचारलं नव्हतं, पण त्याचा चेहरा रोज विचारत होता. सरांनी मशीन बंद केलं. त्यांनी कपाटावरून एक्स-रेचं पाकीट काढलं, फोटो ट्यूबलाइटसमोर धरला आणि कोंडीरामना जवळ बोलावलं. फोटो चैतालीने एकदा दाखवला होताच, पण दवाखान्यात माणूस घाबरलेला असतो, धड बघत नाही.

"ही फट बघा. इथून ती वाढते."

कोंडीरामनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक फोटोला लागेल इतकं जवळ नेलं. आयुष्यभर लेथवर केसाचा फरक बघणारा माणूस. तो बराच वेळ हलला नाही.

"एवढ्याशा जागेतून?"

"एवढ्याशा जागेतून."

"आता इथं काम चालू हाये म्हणजे."

"चालू आहे."

कोंडीरामनी चष्मा नाकावर घेतला. काम चालू असताना मशीनमध्ये हात घालत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गावाला फोन कुठल्या तोंडाने करायचा, एवढंच ते म्हणाले. हुस्नबानू आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांना स्टुलावर बसवून म्हणाल्या, "भाऊ, तोंडानेच करा. गाववाल्यांनाही हाडं असतात."

चाचणीच्या दिवशी मुक्ताई म्हणाली, मला बघायला जायचंय. कुणाचा जीव होत नव्हता, पण तिने हट्टच धरला. शहरातल्या मोठ्या मैदानावर रेषेच्या जरा मागे तिघं बसली: मधे मुक्ताई, एका बाजूला बाप, एका बाजूला सर. आत धावणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना मुक्ताईने कधी ना कधी हरवलं होतं. दुपार चढली. सरांची जीभ टाळूला चिकटली होती.

आणि एका मुलीचा पास चुकला. बॉल रेषा ओलांडून, वेग संपता संपता, अगदी कुणी आणून द्यावा तसा सावकाश मुक्ताईच्या खुर्चीकडे यायला लागला. आतून हाका आल्या, "बॉल! ए, बॉल दे!" निवड समितीची माणसंही त्या बाजूला बघायला लागली. मुक्ताईचा उजवा पाय खुर्चीखालून बाहेर आला. खालिदसरांना तिच्या पोटरीचा स्नायू ताठ होताना दिसला. एक साधा टोला, दहा पावलांचा पास. बाकी कुणाला काही वाटलंही नसतं. सर तिला अडवू शकले असते, नुसतं नाव घ्यायचा अवकाश होता. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि पुढे ते सांगत की बरं झालं, नाही फुटला.

मुक्ताईने पाय जमिनीवर ठेवला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. बॉल आला, तिच्या पायाच्या बोटांना निसटता लागला, खुर्चीच्या पायावर आपटला आणि थांबला. ती सरळ समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कोंडीराम उठले, बॉल हाताने उचलला आणि आत फेकला. खालिदसरांचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते. कसब त्यांनी खूप पाहिलं होतं, वेग पाहिला होता, जिद्द तर बारा महिने पाहत होते. समोर आलेला बॉल न मारणारा खेळाडू त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि याहून मोठं काही या मैदानावर आज होणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं.

ईदला मुक्ताई आईवडिलांबरोबर शीरखुर्मा खायला आली. वाटी संपवून म्हणाली, "सर, तुमचा सुटला." सर हो म्हणाले. "माझा अजून आहे." त्या आठवड्यात नवा एक्स-रे काढला, तर चिरेभोवती पांढुरकं ढगासारखं काहीतरी जमायला लागलं होतं. चैताली खूश झाली, पण दाबल्यावर अजून जरा दुखत होतं, म्हणून तिने आणखी काही दिवस वाढवले. दुसऱ्या दिवशी पहाटे खालिदसर उठून स्वयंपाकघरात खुडबुड करायला लागले. ईदनंतरचे सहा जादा रोजे काहीजण ठेवतात. सरांनी ते तरुणपणी कधीतरी ठेवले असतील. हुस्नबानू डोळे चोळत आल्या. "इस उम्र में?"

"उस बच्ची का चालू है," सर म्हणाले. हुस्नबानूंनी तवा चढवला.

शेवटच्या तपासणीला नमाज आटोपून सर परस्पर दवाखान्यात पोचले. कोंडीराम अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुक्ताईला घेऊन आले होते. चैतालीने अंगठ्याने नडगी दाबली. पुन्हा दाबली, जोरात. मुक्ताईने टेबल धरलं नाही. नव्या फोटोत चीर नव्हती; तिच्या जागी हाडाला शुभ्र, भरीव फुगवटा आला होता.

"इथे आता आधीपेक्षा जाड झालंय," चैताली म्हणाली.

"कुणी केलं हे?" खालिदसरांनी विचारलं. प्रश्न वेड्यासारखा होता, पण त्यांना खरंच विचारायचं होतं.

"मी तर नाही, सर."

वरची काळी फट अजून तशीच होती. तिथलं काम चालू होतं.

"मुक्ताई, आजपासून बॉल," चैताली म्हणाली. "थोडा थोडा. आधी जागेवर, मग हळू धावणं. घाई करायची नाही."

मग खालिदसरांना कुठला धीर! स्कूटर सरळ धायरीला. मागून कोंडीरामची मोटारसायकल, त्यावर मुक्ताई. मैदान रिकामं होतं, गोलच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती. सरांनी डिकीतून बॉल काढला, शर्टाच्या बाहीने पुसला, मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला आणि चार पावलं मागे सरकले. हात आधीच वर जायला लागले होते.

मुक्ताई बॉलपाशी आली. उभी राहिली. तिने बॉलकडे असं पाहिलं की कोंडीरामनी तोंड फिरवलं. तिचा पाय उचलला गेला नाही. तिने रिकाम्या मैदानाकडे एकदा पाहिलं आणि मग सरांकडे.

"सर," ती म्हणाली, "आज शुक्रवार आहे."

तिने वाकून बॉल दोन्ही हातांनी उचलला, स्कूटरपाशी नेला आणि डिकीत नीट ठेवला. "उद्या चार वाजता येते," असं म्हणून ती बापाच्या मागे बसून गेली. खालिदसर मैदानाच्या मधोमध उभे होते, हात डोक्यावर, आणि शर्ट ओढायला कुणी नव्हतं.